पक्क्या पुराव्याचा ठराव

एखादा स्वतःच सांगत असेल की "माझ्या बोलण्याला फारसा पुरावा नाही", तर त्याचं ऐकायचं की नाही? हे कोडं मला शाळेत कुणी घातलं नाही. ते आमच्या तालमीत आलेल्या यंत्रमानवाने घातलं, तेही सकाळच्या मेहनतीच्या वेळी, सगळ्या पैलवानांसमोर. आणि त्या कोड्यापायी एक दिवस आमच्या वस्तादांच्या जिवावर बेतलं.

मी रेणुका. सातवीत आहे आणि कुस्ती करते, सगळ्यात हलक्या वजनगटात. हिंदुराव वस्ताद आमचे गुरू. त्यांना वय विचारलं तर ते वजन सांगतात. मिशा पांढऱ्या झाल्या तरी पीळ कायम आहे आणि आवाज असा की नदीपलीकडची म्हैस वळून बघते. मुलींनी कुस्ती खेळावी की नाही यावर गावात चर्चा चालू होती तेव्हा त्यांनी मला हौद्यात (कुस्तीसाठी मऊ लाल माती घातलेल्या आखाड्यात) उतरवलं आणि चर्चा करणाऱ्यांना म्हणाले, "या, हिच्याशी एक डाव खेळा आणि मग बोला." त्यामुळे वस्तादांबद्दल कुणी वाकडं बोललेलं मला खपत नाही. पण ते चुकले तेव्हा चुकले, आणि ते मी सांगणार आहे.

त्या वर्षी शाळा, बाजार, तालमी अशा गर्दीच्या ठिकाणी एकेक जीवरक्षक यंत्रमानव द्यायचं सरकारने ठरवलं होतं. आमच्या वाट्याला आलेल्याचं अंग चकचकीत पत्र्याचं होतं आणि छातीत एक कप्पा होता. त्या कप्प्यात हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र. बोलणं मात्र थेट गणिताच्या मास्तरांचं. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव पत्रे मास्तर ठेवलं आणि त्याने ते निमूटपणे नोंदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरने एक रबरी बाहुला फरशीवर निजवला आणि शिकवायला सुरुवात केली.

"आज आपण छातीदाब शिकू. छातीदाब म्हणजे थांबलेल्या हृदयाचं काम आपल्या हातांनी करणं. छाती दाबली की रक्त मेंदूकडे ढकललं जातं. पायरी पहिली. माणूस हाकेला ओ देत नाही आणि श्वासही नीट घेत नाही, म्हणजे हृदय थांबलं असं समजून कामाला लागा. पुरावा कमजोर."

पैलवानांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पायरी दुसरी. तळहात छातीच्या मधोमध, हाडावर ठेवा. पुरावा कमजोर. पायरी तिसरी. पाच सेंटीमीटर खोल दाबा, सहाच्या पुढे जाऊ नका. पुरावा मध्यम. वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस. पुरावा मध्यम. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. पुरावा..."

"कमजोर," सगळी तालीम एका सुरात म्हणाली.

"मध्यमाच्या जरा खाली," मास्तरने दुरुस्ती केली.

मग सर्जेराव पुढे झाला. सर्जादादा म्हणजे आमच्या तालमीतला सगळ्यात दांडगा गडी. दारातून आत येताना तो तिरका होतो. स्वभावाने मात्र इतका भित्रा की इंजेक्शनचं नाव काढलं तरी घामेजतो. त्याने बाहुल्याच्या छातीवर हात ठेवून एकदाच दाबलं. आतून कटकन आवाज झाला आणि बाहुल्याच्या बगलेतून एक स्प्रिंग उडून पाण्याच्या पिंपात पडली.

"खोली अकरा सेंटीमीटर," मास्तर म्हणाला. "बाहुला वारला."

हसून हसून पोरं मातीत लोळली. तेवढ्यात वस्ताद उठले.

"का रं मास्तर, तुझ्या निम्म्याअधिक गोष्टींचा पुरावा कमजोर, हे तूच सांगतोस न्हवं?"

"होय. काहींच्या बाबतीत तर फक्त तज्ज्ञांचं एकमत आहे."

"आणि पक्का पुरावा किती गोष्टींचा?"

"फारच थोड्या."

"मग आमचा कांदा काय वाईट हाय?"

आता कांद्याबद्दल सांगायला हवं. आमच्या तालमीत कुणी घेरी येऊन पडला की कांदा मुठीने फोडायचा आणि त्याच्या नाकाशी धरायचा, ही पहिल्यापासूनची रीत. सुरीने चिरलेला कांदा चालत नाही. तो वस्तादांच्या मते भाजीचा. मुठीने फोडलेला औषधी. म्हणून हौद्याच्या कडेला कांद्यांची एक जाळी कायम टांगलेली असते.

"आजवर कांद्यानं किती पोरं उठवली त्याचा हिशेब न्हाई," वस्ताद म्हणाले. "एक सुद्धा वाया गेला न्हाई. ह्याला म्हणायचं पुरावा."

त्याच संध्याकाळी तालीम मंडळाची बैठक बसली. आमच्या मंडळाला ठराव करायची भारी हौस. पाण्याचा पिंप कुठे ठेवावा यावरही ठराव झालेला आहे. त्या दिवशी वस्तादांनी मांडलेला ठराव एकमताने मंजूर झाला : पक्का पुरावा असल्याशिवाय पत्रे मास्तरने तालमीत कुणाच्याही अंगाला हात लावू नये.

"ठराव नोंदवला," मास्तर म्हणाला. "स्थानिक मंडळाचे नियम पाळणं मला बंधनकारक आहे. हा ठराव बदलण्याचा अधिकार कुणाला?"

"अध्यक्षांना," वस्ताद मिशीवर हात फिरवत म्हणाले. अध्यक्ष तेच होते.

मी घरी आले ती पाय आपटतच. आबा ओसरीवर गुडघ्याला शेकायची पिशवी बांधून बसले होते. आबा म्हणजे माझे आजोबा, डॉ. विश्वंभर इंगवले. नावाआधी डॉक्टर बघून गावातली माणसं त्यांच्यासमोर जीभ बाहेर काढून उभी राहतात. मग आबांना समजवावं लागतं, "अहो, मी माणसं तपासत नाही. मी अभ्यास तपासतो." आयुष्यभर त्यांनी तेच केलं. उपचारांबद्दल जगभर जे संशोधन होतं ते वाचायचं आणि त्याला गुण द्यायचे : याच्यावर किती विश्वास ठेवावा? ज्या समित्या मार्गदर्शक सूचना (कुठल्या आजारात काय करावं याचे डॉक्टरांसाठीचे आणि लोकांसाठीचे सल्ले) तयार करतात, त्यांना आबांचे गुण लागत.

मी सगळी हकिगत सांगितली. बाहुल्याचा भाग त्यांनी दोनदा सांगायला लावला.

"आबा, तो मास्तर खोटं बोलतोय का?"

"छे. तो फार खरं बोलतो. गावात आल्या आल्या इतकं खरं बोलायचं नसतं, एवढंच त्याला कुणी शिकवलेलं नाही."

"म्हणजे छातीदाबाचा पुरावा खरंच कमजोर आहे? मग कांदा बरा?"

"आधी कांद्याचं बघू. घेरी का येते? मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. उपाशीपोटी, उन्हात, भीतीने. माणूस आडवा झाला की रक्त पुन्हा मेंदूत पोचतं आणि तो आपोआप उठतो. त्या वेळी नाकाशी जे असेल त्याला श्रेय मिळतं. तुमच्याकडे कांदा असतो, म्हणून कांद्याला. तू पुढच्या वेळी बटाटा धरून बघ."

आबा गमतीने म्हणाले होते. पण मी दुसऱ्या दिवसापासून दप्तरात एक बटाटा ठेवला. आणि माझ्या नशिबाने चारच दिवसांत सर्जादादा संकष्टीचा उपास करून जोर मारायला आला आणि धाडदिशी पडला. श्वास नीट चालू होता, म्हणून मी घाबरले नाही. पोरं कांद्याच्या जाळीकडे धावली तोवर मी त्याचे पाय उचलून पाटावर ठेवले आणि बटाटा त्याच्या नाकाशी नेला. त्याने डोळे उघडले.

"बटाट्याची भाजी केलीया व्हय?" त्याने क्षीण आवाजात विचारलं.

मी विजयी मुद्रेने वस्तादांकडे पाहिलं. वस्तादांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बटाट्यातबी गुण असतोय म्हणायचा." दुसऱ्या दिवशी जाळीत कांद्यांच्या जोडीला बटाटे आले.

मी आबांकडे तक्रार घेऊन गेले तेव्हा ते खूश झाले.

"बघ, एका बटाट्याने कुणाचं मत बदलत नाही, आणि बदलूही नये. खरं शोधायचं तर काय करायला हवं? घेरी आलेली पुष्कळ माणसं घ्यायची. प्रत्येकासाठी चिठ्ठी काढायची. कांदा निघाला तर कांदा, बटाटा निघाला तर बटाटा, कोरी निघाली तर काहीच नाही. आणि कोण किती वेळात उठलं ते सगळ्यांचं लिहायचं, न उठलेल्यांचंही. याला म्हणतात यादृच्छिक चाचणी (चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना). हा सगळ्यात पक्का पुरावा."

"चिठ्ठ्याच का? आपण ठरवलं तर?"

"आपण ठरवलं तर वस्ताद धडधाकट पोरांना कांदा देतील आणि मरतुकड्यांना बटाटा. मग कांदा जिंकणारच."

हे मला पटलं. वस्ताद अगदी तसंच करतील.

"आता हृदयाचं बघ," आबा म्हणाले. "घेरी वेगळी आणि हृदयरोध वेगळा. हृदयरोध म्हणजे हृदयाचं पंपाचं काम अचानक बंद पडणं. त्यात माणूस आपोआप उठत नाही. काही मिनिटांत मेंदू मरायला लागतो. मग मला सांग, छातीदाबाची चिठ्ठ्या टाकून चाचणी कशी करशील?"

मी मनातल्या मनात चिठ्ठ्या केल्या. एकीवर लिहिलं "छाती दाबा." दुसरीवर लिहिलं "काही करू नका." आणि ती दुसरी चिठ्ठी कुणाच्या नावाने काढायची ते मला सुचेना.

"नाही करता येणार," मी म्हणाले.

"नाही करता येत. शिवाय ही माणसं रस्त्यात पडतात, शेतात पडतात, न्हाणीघरात पडतात. आधी विचारायला वेळ नसतो. म्हणून दुसऱ्या मार्गाने माहिती गोळा करावी लागते. हजारो प्रसंगांच्या नोंदी बघायच्या : कुणी दाबलं, किती खोल, किती वेगाने, कोण वाचलं. हा मध्यम पुरावा, फार तर. काही गोष्टी बाहुल्यांवर आणि प्राण्यांवर करून बघतात. काही वेळा नुसतं जाणत्या माणसांनी एकत्र बसून ठरवलेलं असतं. तो कमजोर पुरावा. पुनरुज्जीवनाच्या (थांबलेलं हृदय पुन्हा चालू करण्याच्या) बहुतेक सूचना या खालच्या दोन मजल्यांवर राहतात."

"मग त्या पाळायच्या कशाला?"

आबांनी शेकायची पिशवी दुसऱ्या बाजूला केली. "समज, कुणीतरी विहिरीत पडलंय. तुझ्या हातात दोर आहे. दोराची चिठ्ठ्या टाकून चाचणी झालेली नाही. तू काय करशील?"

"दोर टाकीन. विचारायचं काय त्यात?"

"दोर चुकीच्या जागी पडला तर?"

"पुन्हा टाकीन. नाहीतर तो बुडेलच की."

"हेच. रेणू, इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुमच्या ठरावाने त्यांची खिचडी केलीय. आपल्याला किती खात्री आहे, हा एक प्रश्न. आत्ता काय करणं शहाणपणाचं आहे, हा दुसरा. खात्री कमी असली तरी सल्ला जोरात देता येतो, कारण काही न केल्याचं फळ आपल्याला पक्कं ठाऊक असतं. कमजोर पुरावा म्हणजे चूक असल्याचा पुरावा नव्हे."

"पण मग कधीच पक्कं कळणार नाही?"

"कळतं की, हळूहळू. जिथे दोन्ही बाजूंना काहीतरी मदत मिळते तिथे चिठ्ठ्या टाकता येतात. मदतीसाठी फोन आला की सांगणारा निम्म्यांना म्हणे, फक्त छाती दाबा. निम्म्यांना म्हणे, दाबा आणि तोंडाने श्वासही द्या. असे अभ्यास झाले आणि मोठ्या माणसांत दोन्हीकडे जवळपास सारखीच माणसं वाचली. त्यामुळे न शिकलेल्या माणसाला नुसतं दाबायला सांगणं सोपं झालं. उलट एक औषध वर्षानुवर्षं टोचत होते. मग नोंदी नीट पाहिल्या, फायदा दिसेना, काढून टाकलं. सूचना बदलतात ते लहरीपणाने नव्हे."

मी ठरवलं की हे सगळं वस्तादांना सांगायचं. पण वस्तादांना काही सांगायचं तर आधी त्यांनी विचारावं लागतं, आणि ते विचारत नाहीत. आठवडा तसाच गेला.

मग तो सोमवार आला. सकाळी वस्ताद हौद्यात उतरून मला ढाक हा डाव शिकवत होते. "पाय असा घाल, मान अशी दाब," म्हणता म्हणता ते थांबले. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना काहीतरी विचारलंय आणि त्यांना उत्तर येत नाहीये. आणि ते कोसळले. माझा हात त्यांच्या हाताखाली अडकला होता, तो मी ओढून काढला.

"वस्ताद!" मी खांदे हलवले. ओ नाही.

"कांदा आणा," कुणीतरी ओरडलं. सर्जादादाने एका बुक्कीत कांदा फोडला आणि गुडघ्यांवर बसून तो वस्तादांच्या नाकाशी धरला. आम्ही सगळे वस्तादांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांचा जबडा हलला आणि घशातून घरघर करत एक मोठा श्वास आत गेला.

"घेतला, श्वास घेतला वस्तादांनी," सर्जादादाला रडू फुटलं. "लागू पडला कांदा."

"तो श्वास नव्हे," मागून पत्रे मास्तरचा आवाज आला. "तो आचका आहे. हृदय थांबल्यावर काही वेळ असे आचके येतात आणि लोक फसतात. रुग्णवाहिकेला कळवलं आहे. कळवायला हात लावावा लागत नाही."

मी वळून पाहिलं. मास्तर हौद्याच्या काठाशी उभा होता, दोन्ही हात वर केलेले, बोटं पसरलेली. त्याचे दिवे भराभर उघडमीट करत होते.

"मास्तर, या ना खाली."

"छातीदाब, पुरावा मध्यम. ठरावानुसार पक्का हवा. ठराव बदलण्याचा अधिकार अध्यक्षांना." तो वस्तादांकडे वळला. "अध्यक्ष उत्तर देत नाहीत."

ज्यांनी ठराव मांडला तेच जमिनीवर, आणि ज्याला सगळं येतं त्याचे हात बांधलेले. वस्ताद मरतील आणि आमचा ठराव जिंकेल असं मला वाटलं.

"बोलायला बंदी आहे का?" मी विचारलं.

"ठरावात फक्त हात लावण्याचा उल्लेख आहे."

"मग बोला."

"मातीत छातीऐवजी माती दबते. फरशीवर घ्या. पुरावा कमजोर."

"पुरावा नंतर सांगा, मास्तर. आत्ता नुसतं काय करायचं ते सांगा."

"नोंदवलं," मास्तर म्हणाला, आणि मग तो थांबला नाही.

चौघांनी वस्तादांना उचलून फरशीवर घेतलं. मी गुडघ्यांवर बसले, तळहात छातीच्या मधोमध ठेवला, त्यावर दुसरा, आणि दाबायला लागले. मास्तर मोजत होता. "एक, दोन, तीन... खोली कमी पडते आहे. खोली कमी पडते आहे." माझं वजन तेवढं नाहीच. वस्तादांची छाती म्हणजे दगडी उंबरा.

"सर्जादादा, तू ये."

"मी न्हाई," तो मागे सरकला. कांदा अजून त्याच्या मुठीत होता. "मी बाहुला मारला, रेणू. बरगडी मोडली तर? आणि मास्तरच म्हणतोय की पुरावा..."

"सर्जादादा, वस्ताद विहिरीत पडलेत असं समज. दोर तुझ्या हातात आहे. टाकतोस की चाचणी होईपर्यंत थांबतोस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, वस्तादांकडे पाहिलं आणि कांदा खाली टाकला.

"दोराला काय इचारायचं," तो म्हणाला, आणि माझ्या जागेवर बसला.

"खोली नऊ," मास्तर म्हणाला. "कमी करा. सात. अजून कमी. साडेपाच. उत्तम. वर येऊ द्या. एक, दोन, तीन..." कुठेतरी कटकन झालं. सर्जादादाचा चेहरा पांढरा पडला. "बरगडी. जुळते. थांबू नका," मास्तर त्याच सुरात म्हणाला. दोन मिनिटं झाली की तो "बदला" म्हणे आणि दुसरा पैलवान बसे. रांग लागली होती. आयुष्यभर जोर-बैठका मारणारी पोरं, पण दोन मिनिटांत घामाने निथळत होती.

"माझ्या छातीचा कप्पा उघडा," मास्तर मला म्हणाला. "आतल्या दोन पट्ट्या घ्या. एक उजव्या खांद्याखाली, दुसरी डाव्या बगलेखाली चिकटवा. आधी छाती पुसा."

छातीवर लाल माती आणि तेल. मी माझा टॉवेल घेऊन खसाखसा पुसलं. पट्ट्या चिकटवल्या. यंत्राने वस्तादांच्या हृदयाचा कानोसा घेतला. "झटका द्यायला हवा. सगळे दूर व्हा. तांबडं बटण दाबा."

मी दाबलं. वस्तादांचं अंग एकदा उसळलं.

"पुन्हा छातीदाब. एक, दोन, तीन..."

सर्जादादाची तिसरी पाळी चालू होती तेव्हा वस्तादांचा हात हलला. आधी बोटं. मग पंजा वर आला आणि त्याने सर्जादादाचं मनगट धरलं. वस्तादांची पकड आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. सर्जादादा ओरडला, "सोडा, वस्ताद, दुखतंय," आणि रडत रडतच हसायला लागला. बाहेर मैदानात उडती रुग्णवाहिका उतरत होती.

पाचव्या दिवशी दवाखान्यात भेटायची परवानगी मिळाली. आबा, मी, सर्जादादा आणि पत्रे मास्तर असे चौघे गेलो. मास्तरला दारातल्या परिचारिकेने स्वच्छ पुसून घेतलं तेव्हा आत सोडलं. वस्ताद उशांना टेकून बसले होते. छातीला पट्टा, मिशीचा पीळ मात्र नर्सकडून करून घेतलेला.

"दोन बरगड्या गेल्या म्हणं," ते म्हणाले. "जाऊ द्यात. कांदा कुणाच्या मळ्यातला होता रं सर्ज्या? चांगला जालीम निघाला."

आम्ही घाम गाळला, बटण मी दाबलं, आणि श्रेय कांद्याला?

"वस्ताद, कांदा नव्हे, छातीदाबामुळे आणि झटक्यामुळे तुम्ही वाचलात. मास्तर, तुम्ही सांगा यांना."

मास्तरचे दिवे मंद झाले. "सांगता येणार नाही," तो म्हणाला.

"काय?"

"एका माणसावर एकाच वेळी कांदा, छातीदाब आणि झटका असं सगळं झालं. एका प्रसंगावरून कशामुळे वाचले ते ठरवता येत नाही. श्रेय घेणं माझ्या नियमात बसत नाही."

मला त्याला खिडकीतून खाली टाकावंसं वाटलं. आबा मात्र गुडघ्यावर थाप मारून हसले आणि लगेच कळवळले, कारण गुडघा दुखरा होता.

"बरोबर बोलला पत्र्या," ते म्हणाले. "हिंदुराव, तू एक ठिपका आहेस. एका ठिपक्याचं चित्र होत नाही. पण जगभरच्या नोंदी एकत्र केल्या की चित्र दिसतं. ज्यांच्या छातीवर लगेच हात पडले ती माणसं जास्त वाचलेली दिसतात. कांद्याचं चित्र काढायचं तर आधी सगळे ठिपके लागतील. उठलेले आणि न उठलेले."

"न उठलेला एकबी न्हाई," वस्ताद म्हणाले.

वस्ताद पट्ट्यावर हात ठेवून बसले होते. मग त्यांची नजर आमच्यावरून खिडकीकडे गेली, आणि आवाज इतका खाली आला की तो त्यांचाच आहे असं वाटेना.

"एक हाय," ते म्हणाले. "माझा धाकटा भाऊ, बाळू. लई वर्सं झाली. त्याच हौद्यात पडला. मीच कांदा धरला होता. त्यानंबी असाच मोठा श्वास घेतला, मी घेतला म्हणून सर्ज्यानं सांगितलं तसा. मला वाटलं, उठतोय आता. धरूनच बसलो कांदा. त्याला मी कधी मोजलाच न्हाई. मनाला सोसवंना म्हणून."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सर्जादादा तर आधीच रडत होता. आबांनी खुर्ची पुढे ओढली आणि वस्तादांचा हात हातात घेतला.

"हिंदुराव, तेव्हा गावात हे कुणालाच ठाऊक नव्हतं," आबा म्हणाले. "मलाही नव्हतं."

महिन्याभराने वस्ताद तालमीत आले. कुस्ती बंद, पण आवाज चालू. पहिल्याच संध्याकाळी मंडळाची बैठक बसली आणि जुना ठराव रद्द झाला. नवा ठराव वस्तादांनी मांडला, आणि त्याचे शब्द जमवायला ते दोन दिवस आबांकडे येऊन बसले होते : आज जे त्यातल्या त्यात बरं ठाऊक आहे ते लगेच करावं. खात्री किती ते लपवू नये. काय घडलं ते खरं लिहावं, बरंही आणि वाईटही. नवं कळलं की ठराव बदलावा.

"मार्गदर्शक सूचना यापेक्षा वेगळ्या नसतात," आबा माझ्या कानात म्हणाले.

आता दर रविवारी तालमीत छातीदाब शिकवतात. नवा बाहुला आलाय आणि सर्जादादा त्याला पाचाच्या पुढे नि सहाच्या आत दाबतो. गावातल्या बायका येतात, दूधवाले येतात, आमचे गणिताचे खरे मास्तरही येऊन गेले. आजूबाजूच्या गावांतल्या हृदयरोधाच्या नोंदी पत्रे मास्तर रोज वर सरकारकडे पाठवतो. आबा म्हणतात, आणखी काही वर्षांनी कमजोरचे मध्यम होतील, काही मध्यमचे पक्के होतील आणि काही गोष्टी चूक निघून गळून पडतील. त्या कुठल्या, हे शोधायचं काम मी करणार आहे. तोवर कुस्तीही चालू ठेवणार आहे. कांद्यांची जाळी अजून टांगलेली आहे, पण रविवारी शिकवणी झाली की त्यांची भजी होतात.

नव्या ठरावाच्या त्या बैठकीनंतर पोरं पांगली तरी वस्ताद मास्तरसमोर उभेच होते.

"मास्तर, जुनी नोंद लिहिता येती का रं?"

"येते."

"मग लिही. बाळू. मोठा श्वास घेतला. कांदा हुंगवला. छाती कुणी दाबली न्हाई. उठला न्हाई."

मास्तरचे दिवे एकदा उघडमीट झाले. "फार जुनी नोंद. साक्षीदार एकच. पुरावा कमजोर," तो म्हणाला.

वस्तादांनी मान खाली घातली.

"पण मोजली," मास्तर म्हणाला.